मातीची गाय आणि घरी केलेला खेळ

मराठीत 'प्रत' हा शब्द दोन कामं करतो. पुस्तकाची प्रत म्हणजे नक्कल, आणि 'उत्तम प्रतीचा तांदूळ' म्हणताना प्रत म्हणजे दर्जा. आजचा प्रश्न नेमका या दोन अर्थांच्या मध्ये अडकलेला आहे. बाजारात मिळणारा पटावरचा खेळ, म्हणजे हल्लीची मुलं ज्याला बोर्ड गेम म्हणतात तो, आपण घरी पुठ्ठा कापून आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणून तयार केला, तर ती प्रत दुकानातल्या प्रतीची होते का? आणि वाचलेला पैसा खरोखर वाचतो का?

हा प्रश्न अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारला. वसतिगृहात आठ जण आहेत, त्यांना 'कटान' खेळायचं आहे, आणि मूळ संचाची किंमत हजारांत जाते. ओळखीच्या एकाकडे तो संच आहे, त्यावरून मापं घेऊन सगळं करता येईल. "पण सर, तो खरा कटान असेल का?" असं तो म्हणाला. आता माझ्यासारख्या माणसाला पैशाच्या आधी हा 'खरा' शब्द खटकणार, हे उघड आहे. म्हणून आधी तेवढा सोडवू, मग पुठ्ठ्याला हात घालू.

न्यायसूत्रांत एक सुंदर चर्चा आहे. 'गाय' हा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ काय? समोर उभी असलेली एक विशिष्ट गाय, म्हणजे व्यक्ती? शिंगं, शेपूट, वशिंड अशी आकृती? की सगळ्या गाईंत असलेलं गोत्व, म्हणजे जाती? तिथे मातीच्या गाईचं उदाहरण येतं. मातीच्या गाईला आकृती आहे, ती एक वस्तूही आहे. पण यज्ञात 'गाईवर पाणी शिंपडा' असं म्हटलं तर कुणी मातीच्या गाईवर शिंपडत नाही. तिच्यात गोत्व नाही. (बैलपोळ्याला आपण मातीच्या बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो, ते नैयायिकांनी पाहिलं नसावं. पण तो विषय वेगळा.)

तर घरी केलेला खेळ ही मातीची गाय आहे, की दुसऱ्या गोठ्यातली पण खरीच गाय?

अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली कलांच्या भाषेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक भेद आहे, तो आपल्या कामाचा आहे. चित्राची हुबेहूब नक्कल केली तर ती नक्कलच राहते, मूळ म्हणून विकली तर बनावट ठरते. पण कविता तुम्ही वहीत उतरवून घेतली, अक्षर कितीही वाईट असलं तरी शब्द बरोबर असले, तर वहीत आहे ती तीच कविता. तिला कुणी बनावट कविता म्हणत नाही. कारण कविता कशामुळे 'ती' ठरते, ते शब्दांच्या क्रमात आहे, शाईत नाही.

मग खेळ कुठे बसतो? पहिलं उत्तर सोपं आहे: कवितेच्या बाजूला. खेळ म्हणजे नियम. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी बुद्धिबळाचा दाखला दिला होता: लाकडी मोहऱ्यांच्या जागी हस्तिदंती ठेवली, तरी खेळाच्या व्यवस्थेत काही बदल होत नाही. हे अगदी खरं आहे. बुद्धिबळाच्या पटावर हरवलेल्या उंटाच्या जागी शिशीचं बूच ठेवून आपल्यातल्या कितीतरी जणांनी डाव पूर्ण केले असतील. डोळ्यांवर पट्टी बांधून खेळणारे खेळाडू तर पटाशिवाय खेळतात. मोहरं नावापुरतं असतं.

पण सोस्यूर यांनी बुद्धिबळाऐवजी पत्त्यांचा दाखला घेतला असता, तर त्यांचं वाक्य असं सहज पूर्ण झालं नसतं. बुद्धिबळात सगळं उघडं असतं. पत्त्यांत अर्धा खेळ पत्त्याच्या पाठीवर उभा असतो, म्हणजे ती पाठ काहीच सांगत नाही यावर. बदाम राणीचा कोपरा दुमडलेला असला की रमी रमी राहत नाही. नियमांचं पुस्तक तेच, पत्ते तेवढेच, आणि तरी खेळ मोडलेला. म्हणजे वस्तूचं शरीर काही ठिकाणी नियमाचंच काम करत असतं. 'प्रतिस्पर्ध्याचे पत्ते दिसू नयेत' हा नियम कागदावर लिहून पाळला जात नाही, तो पुठ्ठा पाळतो. 'दान कुणाच्या हातात नसावं' हा नियम फासा पाळतो.

घरगुती प्रतीचा दर्जा मी एवढ्यावरूनच ठरवीन. खेळाचे जे भाग उघडे असतात, ते कशाचेही करा. जे भाग लपवतात किंवा नशीब ठरवतात, त्यांत कुचराई झाली तर तुम्ही केलेली वस्तू मातीची गाय आहे.

आता कटानकडे या. खेळाची आखणी क्लाउस टॉयबर या जर्मन दंततंत्रज्ञाची, खेळ बाजारात आला १९९५ साली. संचात काय असतं ते मोजू. षटकोनी जमिनी १९. आकड्यांच्या गोल चकत्या १८. चार खेळाडूंच्या मिळून ६० रस्ते, २० वस्त्या, १६ शहरं. लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज यांची प्रत्येकी १९, म्हणजे ९५ कार्डं, आणि विकासाची २५ कार्डं. शिवाय दोन फासे, एक दरोडेखोर, आणि समुद्राची चौकट.

रस्ते, वस्त्या, शहरं ही ९६ नगं पूर्ण उघडी असतात. रस्त्याला रंगवलेल्या आगकाड्या, वस्तीला चिंचोके, शहराला गुंडी, काहीही चालेल, फक्त चार रंग एका नजरेत ओळखू यावेत. दुकानातले ठोकळे हातात घ्यायला छान वाटतात हे कबूल. पण चिंचोक्याने खेळ एका केसाने बदलत नाही.

षटकोनांची गोष्ट गमतीची आहे. मापाच्या दृष्टीने ती सगळ्यात कष्टाची आहे आणि खेळाच्या दृष्टीने सगळ्यात कमी नाजूक. चौकोनी तुकडे कापायचे असतील तर पट्टी धरून लांब सरळ रेघा मारता येतात. स्क्रॅबलचे शंभर चौकोन दहा बाय दहाच्या चौकटीत आखले, तर बाजूंसकट आडव्या अकरा आणि उभ्या अकरा, अशा बावीस कापांत काम होतं. षटकोनांत ही सोय नाही. एका षटकोनाची कड पुढे वाढवली की ती शेजारच्या षटकोनाच्या पोटात शिरते. म्हणून प्रत्येक कड वेगळी कापायची: १९ गुणिले ६, म्हणजे ११४ काप. बायंडर वापरतात तो दोन मिलिमीटरचा पुठ्ठा कटरच्या एका ओढीत कापला जात नाही. चार-पाच ओढी धरा. झाल्या साडेपाचशेच्या आसपास. दुकानातल्या संचात हेच काम पोलादी धारेचा डाय एका दाबात करतो, लग्नपत्रिका आणि मिठाईचे खोके कापणारा असतो तसाच. हाताने केलेले षटकोन थोडे कमीजास्त होतात, पटावर मधे फटी राहतात. दिसायला वाईट, पण ते डावाच्या सुरुवातीलाच उलटून ठेवले जातात. एखाद्याच्या पाठीवर डाग असला तरी बिघडत नाही, कारण पुढे लपवायला काही उरतच नाही.

कार्डांचं याच्या उलट आहे. कापायला ती सोपी. पत्त्याच्या मापाची, साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरची, ए-फोर कागदावर नऊ बसतात, म्हणजे १२० कार्डांना चौदा पानं. पण खेळ मोडतो तो इथे. कटानमध्ये दरोडेखोर हलवला की तुम्ही दुसऱ्याच्या हातातलं एक कार्ड न बघता ओढता. धान्याच्या कार्डाची कड जरा आत गेलेली असेल, तर तिसऱ्या डावापर्यंत सगळ्यांना ते पाठ झालेलं असतं. मग ती चोरी राहत नाही, खरेदी होते. विकासाच्या २५ कार्डांत १४ सरदार असतात. गठ्ठ्यावर वरचं कार्ड सरदार आहे की थेट गुण देणारं, हे पाठीवरून कळलं, तर ते विकत घेण्यातली जोखीमच संपली.

साधा झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशी जीएसएमचा असतो, ट्यूबलाइटसमोर धरला की पलीकडचं दिसतं. चांगल्या छापील पत्त्यांत दोन थरांच्या मधे गडद थर असतो, उजेड आरपार जाऊ नये म्हणून. जाड कार्डशीटवर छापलं तर उजेडाचा प्रश्न बराच सुटतो, कापण्याचा नाही. बरेच लोक लॅमिनेशन करतात आणि मला ते सगळ्यात वाईट वाटतं: कार्डं एकमेकांवरून घसरतात, गठ्ठा उभा राहत नाही, पिसताना कडा बोचतात, आणि कडेला लगत कापलं तर थर सुटायला लागतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर बघायलाच नको.

यावर घरगुती खेळ करणाऱ्यांनी काढलेली युक्ती मात्र खरोखर हुशारीची आहे. पाठीमागून अपारदर्शक असलेली प्लास्टिकची पाकिटं मिळतात, स्लीव्ह म्हणतात त्यांना. प्रत्येकात एक साधा खेळायचा पत्ता घालायचा आणि त्याच्या पुढे आपला छापलेला कागद. वजन पत्त्याचं, कड पाकिटाची, पाठ सगळ्यांची सारखी. कागद थोडा वाकडा कापला गेला तरी बाहेरून कळत नाही. १२० कार्डांना पत्त्यांचे तीन कॅट पुरतात. या एका बाबतीत घरची प्रत दुकानातल्या उघड्या कार्डांपेक्षा सरस ठरू शकते, कारण मळलं तर पाकीट बदलता येतं.

फासे करू नका, विकत आणा. हाताने तासलेला लाकडी घन दिसायला घन असतो, पण कुठली तरी बाजू जड राहतेच. काही जण म्हणतात, फाशांऐवजी दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांच्या छत्तीस चिठ्ठ्या करू, डब्यातून काढत जाऊ. प्रमाण तेच राहतं ना? प्रमाण तेच राहतं, खेळ तो राहत नाही. छत्तीसांत सातच्या सहा चिठ्ठ्या. त्या सहाही निघून गेल्या की चिठ्ठ्या परत भरेपर्यंत सात येणारच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फाशाला स्मरण नसतं, डब्याला असतं. खेळायला हरकत नाही, चांगलाही होईल, पण तो पाठभेद आहे हे जाणून खेळा.

पाठभेद हा शब्द मी मुद्दाम वापरला. छापखाना येण्याआधी आपल्याकडे ग्रंथ हाताने उतरवले जात आणि उतरवणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत जाई. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती त्यामुळेच. पटावरच्या खेळांतही हेच घडलं आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला दुकानांत सर्वांत जास्त दिसणाऱ्या खेळाचा आहे: मोनोपॉली.

लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचं पेटंट घेतलं. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नाडते, ते दाखवण्यासाठी हा खेळ होता. त्या हेन्री जॉर्ज यांच्या अनुयायी. पुढे त्यांनी दोन नियमावल्या केल्या. एकीत संपत्ती वाढली की सगळ्यांचं भलं होई, दुसरीत एकजण बाकीच्यांना धुळीला मिळवी. पुढची तीस वर्षं हा खेळ मुख्यतः हातोहात पसरला. ज्याने खेळला त्याने घरी जाऊन मेणकापडावर किंवा पुठ्ठ्यावर आपला पट काढला, आपल्या गावचे रस्ते घातले. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी आपल्या शहराची नावं घातली. या उतरवाउतरवीत टिकली ती धुळीला मिळवणारी नियमावली. दुसरी गळून पडली.

चार्ल्स टॉड नावाच्या एका गृहस्थाच्या पटावर 'मार्व्हन गार्डन्स' या वस्तीचं नाव चुकून 'मार्व्हिन' असं लिहिलं गेलं. त्या पटावरून चार्ल्स डॅरो यांनी आपला पट केला, चुकीसकट. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने तो डॅरो यांच्याकडून घेतला आणि दुकानातल्या लक्षावधी संचांवर 'मार्व्हिन गार्डन्स' छापलं गेलं. म्हणजे बघा, आपण जिला अस्सल म्हणतो ती दुकानातली प्रत ही घरी केलेल्या प्रतीची प्रत आहे, लेखनिकाच्या चुकीसकट. डॅरो श्रीमंत झाले. मॅगीबाईंना त्यांच्या पेटंटचे कंपनीने पाचशे डॉलर दिले.

या गोष्टीतून 'घरी नक्कल करणं वाईट' असा अर्थ काढणं मला चुकीचं वाटतं. तीस वर्षं नकला झाल्या म्हणूनच तो खेळ जगला. मॅगीबाईंवर अन्याय झाला तो मेणकापडावर पट काढणाऱ्या शेजाऱ्यांमुळे झाला नाही. कुणीतरी तो आपल्या नावावर विकला, तेव्हा झाला. प्रत आणि बनावट यांच्यातली रेघ तिथे आहे.

कायदाही साधारण तिथेच रेघ ओढतो. नियमांवर, म्हणजे कल्पनेवर, लेखाधिकार नसतो. नियमपुस्तिकेतले शब्द, कार्डांवरची चित्रं यांवर असतो. नावावर व्यापारचिन्हाचा हक्क असतो. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी रास्त वापराची मुभा आहे. कोलकात्याच्या दोन भावांनी इंटरनेटवर 'स्क्रॅब्युलस' चालवला होता. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम टप्प्यावर मॅटेल कंपनीचा पटावरच्या लेखाधिकाराचा दावा मान्य केला नाही, पण नावाचा वापर मात्र थांबवला. तेव्हा वसतिगृहात खेळण्यासाठी एक संच करणं आणि महोत्सवात वीस संच करून विकणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी करू नका.

स्क्रॅबलचं नाव निघालं, तर दर्जाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तो खेळही घरीच जन्मला. आल्फ्रेड बट्स हे मंदीत काम गेलेले वास्तुविशारद. वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून त्यांनी कुठलं अक्षर किती वेळा ठेवायचं ते ठरवलं, पट आपल्या आखणीच्या साधनांनी काढले, अक्षरं हाताने लिहून पातळ हलक्या लाकडावर चिकटवली. जेम्स ब्रूनो यांनी १९४९ साली एका जुन्या शाळेच्या इमारतीत २,४०० संच केले आणि त्यांना ४५० डॉलरचा तोटा झाला. पुढे खेळ गाजला, कारखान्यात लाकडी ठोकळे होऊ लागले. आणि मग स्पर्धेत खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की ठोकळ्यावरचं खोलगट अक्षर पिशवीत हात घालून बोटाने वाचता येतं, आणि कोरा ठोकळा तर लगेच कळतो. म्हणून गंभीर स्पर्धांत गुळगुळीत प्लास्टिकचे वेगळे ठोकळे आले. म्हणजे आपल्या कसोटीवर दुकानातला देखणा लाकडी संचच उणा पडला. छापील किंमत आणि खेळाचा दर्जा यांचं नातं एवढं सैल असतं.

मग पैशाचं काय? त्या विद्यार्थ्याला मी गुणाकार करायला लावला: चौदा रंगीत पानं, १२० पाकिटं, पत्त्यांचे तीन कॅट, पुठ्ठा, डिंक, कटरची पाती, फासे. तुमच्या गावचे दर घाला, फुकट तर पडत नाही. कार्डांना मिनिट-दीड मिनिट धरलं तरी तीन तास, षटकोनांचे त्याहून जास्त. हे तास ज्याला आवडीचे आहेत त्याच्यासाठी ते खर्चात धरूच नयेत, विणकाम करणारी बाई स्वेटरच्या किमतीत मजुरी धरत नाही तसे. ज्याला ते ओझं आहे, त्याने दुकानात जावं.

पण त्याच्या हिशेबात एक गोष्ट राहिली होती. कटान तीन-चार जणांचा खेळ आहे. आठ जणांना दोन संच लागतात. आठ जणांनी वर्गणी काढली तर एक मूळ संच माणशी फार जड जात नाही, आणि ज्यांनी खेळ घडवला त्यांच्यापर्यंत त्यातला काही वाटा पोहोचतो. दुसरा संच त्यावरून करा. मापं हाताशी, नियमपुस्तिका हाताशी, आणि दोन्ही पटांवर आलटून पालटून बसलात की कुठल्या कार्डाची पाठ बोलते आहे ते आठवड्यात कळेल.

शेवटी एका ताईंची चिठ्ठी आली आहे: मराठीत असा अक्षरांचा खेळ घरी करता येईल का? करता येईल, पण तिथे उतरवून घेण्यासारखं फार थोडं आहे. इंग्रजीतले शंभर ठोकळे मराठीला चालणार नाहीत. पूर्ण अक्षराला एक ठोकळा द्यायचा म्हटलं, तर चौतीस व्यंजनांची बाराखडीच चारशेच्या वर जाते, जोडाक्षरं वेगळीच. म्हणजे व्यंजनांचे ठोकळे करायचे, आणि काना-मात्रा एकतर मोकळ्या सोडायच्या किंवा त्यांचे वेगळे ठोकळे करायचे. मोकळ्या सोडल्या तर खेळ फार सोपा होईल असा माझा अंदाज आहे. किती 'त' आणि किती 'ळ' ठेवायचे, ते बट्स यांनी केलं तसंच करावं लागेल: रोजच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान घेऊन अक्षरं मोजायची. ताई, चार दिवसांची पानं मोजून झाली की आकडे मला पाठवा.